जुनी गाडी घ्यायची आहे: छोटा हत्ती की मोठा पिकअप?

शिवारफेरी
थेट गरज सांगतो. जुन्नर तालुका, माल मुख्यतः टोमॅटो, मधूनमधून कोबी-फ्लॉवर. रोज नारायणगाव बाजार, जाऊन-येऊन ४० किलोमीटर. हंगामात आठवड्याला दोन-तीन फेऱ्या वाशीला, त्या माळशेजने. दोन गाड्या नजरेत आहेत: २०१८ चा छोटा हत्ती (टाटा एस) आणि २०१९ ची बोलेरो पिकअप, १.७ टनी. दोन्ही बीएस-४ डिझेल. पहिली रोख पैशात बसते, दुसरीला तीनेक लाखांचं कर्ज काढावं लागेल. गावात प्रत्येक जण आपापल्या गाडीचंच कौतुक करतो, म्हणून इथे विचारतोय.

काटेकोर
गाडीचं नाव बाजूला ठेवा आणि दोन्हींची आरसी मागवा. त्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन. वजाबाकी केली की वजन नेण्याची कायदेशीर क्षमता कळते, आणि त्यातून केबिनमधल्या माणसांचं वजनही वजा करायचं. नंतर लावलेली लोखंडी जाळी, हौद्यातला जाड पत्रा, वरचं कॅरिअर हे आरसीत नसतं. जाळी ८० किलोची असेल तर तुमचे ८० किलो टोमॅटो तिथेच गेले. गाडी बघायला जाल तेव्हा भुईकाट्यावर रिकामी चढवा. पावतीचा आकडा आणि आरसीचा आकडा किती लांब आहेत ते बघा, गाडीने काय काय सोसलंय त्याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

आता कॅरेटमध्ये बोलू. भरलेलं कॅरेट २२ किलो धरा, २० किलो माल आणि वर प्लास्टिक. छोट्या हत्तीचा हौदा साधारण २२०० बाय १४९० मिलिमीटर. कॅरेट ५४० बाय ३६० चं असेल तर लांबीत चार, रुंदीत चार, म्हणजे एका थरात १६. दोन थर झाले ३२ कॅरेट, ७०४ किलो. गाडीची क्षमता ७५० किलोच्या आसपास, म्हणजे दोन थरांवर ती पुरी झाली. हौद्यात जागा मात्र तिसऱ्या थराचीही दिसते आणि तिथेच माणूस फसतो. तिसरा थर चढवला की १०५६ किलो.

१.७ टनी पिकअपचा हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. कॅरेट आडवी लावली तर थरात २१ बसतात. तीन थर ६३ कॅरेट, १३८६ किलो. चौथा थर पूर्ण नाही, १४ कॅरेटांपर्यंत, म्हणजे एकूण ७७, केबिनमधली माणसं धरली तर त्याहून कमीच. पूर्ण चौथा थर टाकलात तर १८४८ किलो, तोही जास्तच.

फेरीला तुमची कॅरेट किती, ते आधी सांगा.

शिवारफेरी
रोजच्या बाजाराला २० ते २५. वाशीला ५५ ते ६०.

टेम्पोवाला_नगर
एवढा हिशेब कशाला राव. छोट्या हत्तीत सगळे बाराशे किलो टाकतात, गाडी कुरकुर करत नाही. मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवायचे, टायर जाड टाकायचे, झालं काम. तीन लाखांचं कर्ज कशाला डोक्यावर?

पाटा_आणि_पिन
@टेम्पोवाला_नगर, गाडी कुरकुर करते, फक्त ती पुढच्या मालकाकडे जाऊन करते. इथे धागाकर्ता पुढचा मालक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जादा पाटा टाकला की मागची बाजू खाली बसत नाही एवढंच. धुरा, हबचे बेअरिंग, ब्रेक ड्रम, क्लच प्लेट, चासी, यातलं काहीही वाढलेलं नसतं. पूर्वी जो धक्का पाटा वाकून पचवायचा, तो आता पाट्याच्या हँगरमधून सरळ चासीला जातो. हँगर चासीला रिव्हेटने बसवलेले असतात. तिथे बॅटरीचा उजेड टाका. रिव्हेटच्या डोक्याभोवती विटकरी भुकटीची बारीक कडी दिसली तर तो नुसता गंज समजू नका, तो सैल झालेला रिव्हेट आहे. दोन पत्रे एकमेकांवर घासून ती भुकटी तयार होते. पुसली तरी शंभर किलोमीटरमध्ये परत येते. पुढची पायरी म्हणजे हँगरच्या कडेला केसाएवढी चीर, आणि त्यानंतर वेल्डिंग. हँगरजवळ किंवा केबिनच्या मागे चासीला वेल्डिंगचा मणी दिसला, किंवा बाकी चासी मळकट आणि तेवढाच तुकडा काळ्या रंगाने ताजा, तर किंमत विचारत बसू नका.

पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखेच हवेत, आणि त्या मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. रिकाम्या गाडीत पाट्याची कमान वर उचललेली दिसली पाहिजे. रिकामी असतानाच पाटे सपाट असतील तर त्यांचा जीव गेलाय. सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर धुरा सरकतो, मग गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते. मागे लांब उभं राहून कुणाला तरी सरळ चालवायला सांगा, मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत येतात का ते नजरेला कळतं.

मागच्या टायरची आतली बाजू तेलकट असेल तर धुऱ्याचं सील गेलंय. ते तेल ब्रेक लायनरवर उतरतं आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. दहा किलोमीटर चालवून उतरा, हाताच्या पाठीने चारही हब चाचपा. एक हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर बेअरिंग किंवा धरून बसलेला ब्रेक. तळहात लावू नका, भाजेल.

हे सगळं मोठ्या पिकअपलाही लागू. तीही अडीच टन ओढलेली असू शकते. म्हणून "मोठी म्हणजे दणकट" या भरवशावर जाऊ नका. नीट वापरलेला छोटा हत्ती आणि पिदाडलेला पिकअप यांत मी पहिला घेईन.

घाटमाथा
माळशेजचं नाव आलं म्हणून लिहितो. वाशीला जाताना भरलेली गाडी उतरते आणि येताना रिकामी चढते. त्यामुळे चढायला ताकद किती यापेक्षा उतरायला ब्रेक किती हा खरा प्रश्न आहे.

जुन्या टाटा एसचं ७०२ सीसी, दोन सिलिंडरचं इंजिन १६ अश्वशक्तीचं. ठरलेल्या वजनात ते रडत नाही, पण उतारावर इंजिनाचा रोधही तेवढाच लहान. बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसी, चार सिलिंडर, खालच्या गिअरमध्ये ते गाडी धरून ठेवतं. छोट्या गाडीत तिसरा थर टाकून माळशेज उतरलात तर सगळं काम ब्रेकवर येतं. लायनर तापतो, पकड सुटते, पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याहून वाईट, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम स्पंजासारखं आत जातं. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदला, मालक काहीही म्हणो.

आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलला गाडी सोडणारे महाभाग आहेत. ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम इंजिनावरच्या पंपाकडून मिळतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच मदत, पुढे नुसता पायाचा जोर.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या धुऱ्याजवळ एक दांडी आणि व्हॉल्व्ह असतो, वजनानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा. जादा पाटे टाकताना ही दांडी हमखास काढून तारेने बांधून ठेवतात. मग रिकाम्या गाडीत मागची चाकं लॉक होतात आणि पावसात गाडी फिरते. खाली वाकाल तेव्हा तेही बघा.

हिशेबनीस_ताई
पैशांचं कुणी बोलेना म्हणून मी मांडते. डिझेल ९० रुपये धरलंय. अ‍ॅव्हरेज छोट्या हत्तीला १८ आणि पिकअपला १२.५, जाता-येता मिळून. तुमच्याकडचे खरे आकडे घालून परत करा.

रोजचा बाजार, ४० किलोमीटर: छोट्याला २०० रुपये, मोठीला २८८. दिवसाला ८८, वर्षाला ३०० दिवस धरले तर २६,४०० रुपये छोट्याच्या बाजूने.

वाशी, जाऊन-येऊन ३०० किलोमीटर: छोट्याला १५०० रुपये, मोठीला २१६०. पण तुमची ६० कॅरेट छोट्यात दोन फेऱ्यांची. म्हणजे ३००० विरुद्ध २१६०, फेरीमागे ८४० रुपये मोठीच्या बाजूने. हंगामात ३० फेऱ्या धरल्या तर २५,२००.

म्हणजे डिझेलवर दोघी जवळजवळ बरोबरीत सुटतात. फरक पडतो तो दुसऱ्या फेरीच्या टोलचा, ड्रायव्हरच्या दुसऱ्या दिवसाच्या पगाराचा, आणि मुख्य म्हणजे निम्मा माल एक दिवस उशिरा बाजारात पोहोचतो त्याचा. पिकलेल्या टोमॅटोला तो एक दिवस महाग पडतो.

आता कर्ज. ३ लाख, १४ टक्के, तीन वर्षं धरलं तर हप्ता १०,२५० च्या आसपास. तीन वर्षांत व्याजच ६९ हजार. म्हणून तिसरा रस्ताही मोजा: छोटा हत्ती रोख घ्या, रोजचा बाजार त्यावर, आणि वाशीच्या ३० फेऱ्या गावातल्याच मोठ्या गाडीला भाड्याने द्या. कॅरेटमागचं भाडं विचारा, त्याला ६० ने आणि मग ३० ने गुणा. तो आकडा वर्षाच्या हप्त्यांपेक्षा, म्हणजे १ लाख २३ हजारांपेक्षा, किती खाली किंवा वर येतो ते बघून ठरवा. मोठी गाडी घेतल्यावर ती उरलेल्या दिवसांत दुसऱ्याचं भाडं मारणार असेल तर उत्तर पूर्ण बदलतं. दारात उभी राहणार असेल तर हप्ता तुमचाच माल खाणार.

टेम्पोवाला_नगर
ताईंचा हिशेब मान्य. पण मोठीत २५ कॅरेट टाकून रोज बाजाराला नेली तर माल उडतो, हे कुणी लिहिलं नाही. १.७ टनी गाडीचे पाटे भरल्या वजनासाठी असतात, पाव भरलेली गाडी खड्ड्यात दगडासारखी आदळते. खालच्या थराचा टोमॅटो डागी होतो.

पाटा_आणि_पिन
हे बरोबर बोललात. यावर उपाय म्हणजे कमी माल असेल तेव्हा कॅरेट केबिनच्या बाजूला सरकवून लावायची, मागच्या धुऱ्याच्या मागे काही ठेवायचं नाही, आणि खाली गोणपाट नाही तर जुनी रबरी मॅट. टायरची हवाही भरल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची वेगळी असते. बहुतेक जण वर्षभर भरल्या गाडीचीच ठेवतात.

शिवारफेरी
भाड्याचा आकडा काढतो. गाव सोडून बाहेर भाडं मारायचा विचार आहे, भाऊ मोकळाच असतो. तरी दोन्ही गाड्या बघून येणार. इंजिनचं काय तपासू? तोवर कागदांचंही कुणी सांगा.

गिअर_चौथा
इंजिन थंड असताना जा. आदल्या दिवशी मालकाला "मी आठला येतो" सांगा आणि सातला पोहोचा. इंजिनाजवळ हात धरा, गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंडीत सुरू व्हायला त्रास देते.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत गंजाळ पाणी असेल तर कूलंट कधी पडलेलंच नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट संशयित. ऑइल भरायचं झाकण काढा, इंजिन चालू. थोडी वाफ चालते, पण झाकण उलटं ठेवल्यावर थडथड उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा संपल्यात. दोन सिलिंडरच्या इंजिनात झाकणाशी थोडी फकफक तशीही जाणवते, तेवढ्यावर घाबरू नका, शेजारच्या चांगल्या गाडीशी ताडा.

धूर: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर नोझल किंवा पाणी आत जातंय.

क्लच: सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका, हळूच क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. मात्र हे एकदाच करा, वारंवार केलं तर चांगली प्लेटही जाळाल.

पुढचं चाक जॅकवर उचला. घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ. ३ आणि ९ वर धरून खेळ आला तर टाय रॉडचे एंड. किंगपिनचं काम दोन्ही बाजूंचं एकदमच करावं लागतं, ते भावातून वळतं करून घ्या.

प्रोपेलर शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे फिरवा. टक असा आवाज आला की शाफ्टच्या जोडातला क्रॉस गेलाय, ते स्वस्तातलं काम. ५०-६० च्या वेगात रेस सोडल्यावर मागून घूंऽऽ आवाज येत असेल तर मागच्या धुऱ्यातले क्राउन-पिनियन गिअर, ते महागाचं.

कागदी_घोडा
कागदांचं माझ्याकडे.

चासी नंबर आरसीशी जुळवा, पेन्सिलने घासून कागदावर ठसा घ्या. परिवहनच्या साइटवर फिटनेस, विमा, कर, बोजा (गाडीवरचं कर्ज) हे सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप पुढे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही. थकलेली चलानं मालकाला भरायला लावा.

पासिंग (फिटनेस तपासणी): आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी एकदा, त्यानंतर दरवर्षी. २०१८ ची गाडी २०२६ मध्ये आठची होते, हे भाव करताना बोलून दाखवा.

परमिटमध्ये या दोन गाड्यांत खरा फरक आहे. भरल्या गाडीचं वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो. १.७ टनी त्याच्या वर जाते, तिला परमिट हवंच, ते चालू आहे का बघा.

लायसन्सची भीती घालणारे भेटतील. ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा पक्कं केलंय. ओव्हरलोडला मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि माल तिथेच उतरवायचा. हे तिसऱ्या थराच्या हिशेबात धरा.

माडबन
एक राहिलं. गाडी किनाऱ्याकडची आहे का विचारा, आणि मालकाच्या शब्दावर न राहता आरसीवरचे जुने पत्ते बघा. मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून आडव्या पट्ट्यांवर ठिबकत राहतं. वरून नवा पत्रा, नवा रंग, सगळं चकाचक. हौद्याखाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आडव्या पट्ट्या ठोका. टण वाजलं तर ठीक, थप वाजलं तर आत पापुद्रे सुटलेत. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि बॅटरीचा ट्रे ही गंज आधी दिसायची ठिकाणं.

काटेकोर
मधल्या गाड्याही बघा. टाटाची इंट्रा व्ही-३० किंवा अशोक लेलँडची दोस्त, साडेबाराशे-तेराशे किलोच्या घरातल्या. इंट्राच्या व्ही-३० ला तुमची ६० कॅरेट म्हणजे १३२० किलो, क्षमतेच्या थोडं वरच. ५५ घातलीत तर १२१० मध्ये मोकळी. त्यातल्या बीएस-६ डिझेल असतील तर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा पेटतो-विझतो का ते चावी फिरवल्यावर बघा. रोज वीस किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांत डीपीएफ पुरता तापत नाही आणि काजळीने भरतो, त्याला आठवड्यातून एकदा तरी लांब पल्ला लागतो. तुमचा वाशीचा रस्ता हंगामात ते काम करेल, हंगाम संपल्यावर मुद्दाम पळवावी लागेल. आतला डीपीएफ काढून टाकलेली गाडी असेल तर हात लावू नका.

शिवारफेरी
भाडं काढलं. गावातून वाशी कॅरेटमागे जे सांगतात त्याला १८०० ने गुणलं तर हप्त्यांच्या थोडंसं खाली येतं. म्हणजे नुसत्या माझ्या मालावर मोठी परवडत नाही, भावाने बाहेरचं भाडं मारलं तरच. शनिवारी दोन्ही बघतो, आणि ओतूरला एक दोस्त निघालीय तीही. भुईकाटा नारायणगावातच आहे.

पाटा_आणि_पिन
बॉटल जॅक, बॅटरी, जुनं गोणपाट झोपायला, आणि पाना घेऊन जा. छोट्या हत्तीच्या रिव्हेटचे फोटो इथे टाका, फ्लॅश बंद ठेवून, तिरक्या उजेडात. समोरून फ्लॅश मारला की ती विटकरी कडी दिसतच नाही.